जुनी हिमालयन ठेवू की नवी घेऊ?

पाऊस सरला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात, एक म्हणजे सगळे कासला पळतात आणि दुसरी म्हणजे गाडी बदलायचे प्रश्न यायला लागतात. या वेळी आलेल्या पत्रांमधली बरीचशी एकाच विषयावर आहेत, हातातली अ‍ॅडव्हेंचर गाडी ठेवायची की नवीन मॉडेल घ्यायचं. त्यातली तीन निवडलीत, पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण तो प्रश्न खूप जणांचा आहे.

प्रश्न : नमस्कार दादा, मी साताऱ्याचा, वय 38. माझ्याकडे रॉयल एनफिल्डची 2019 ची हिमालयन 411 आहे, बीएस4 वाली, 46 हजार किलोमीटर झालेत. आता तिचं नवं मॉडेल, हिमालयन 450, घ्यायची जाम इच्छा आहे. माझी गाडी 90 च्या पुढे गेली की खूप थरथरते, हळू चालवताना हँडल एका जागी अडकल्यासारखं वाटतं, पुढचा ब्रेक पार दाबावा लागतो तेव्हा कुठे गाडी थांबते, आणि दोघं बसून पसरणीचा घाट चढायचा म्हटलं की सारखा गिअर पाडावा लागतो. मध्ये मित्राची 450 महाबळेश्वरपर्यंत चालवली आणि तेव्हापासून मन लागत नाहीये. बायको म्हणते चालतीये ना गाडी मग कशाला. पुढच्या वर्षी जूनअखेर आम्ही दोघं हिमाचलमधलं स्पिती करणार आहोत, पहिल्यांदाच. शोरूमवाल्याने जुन्या गाडीचे 95 हजार धरलेत आणि नवीची ऑनरोड 3 लाख 80 हजार सांगितलीय, अडीच लाखांचं लोन करावं लागेल. काय करू?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन घेऊन बसलो. तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात. थरथर, हँडल, ब्रेक आणि घाटातली ताकद. यातल्या पहिल्या तीन 411 च्या नाहीतच, त्या 46 हजार किलोमीटरच्या आहेत. चौथी मात्र खरी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आधी हँडलचं बघू. घरी एक काम करा. गाडी मेनस्टँडला लावा, कुणाला तरी मागे कॅरिअरवर वजन टाकायला सांगा म्हणजे पुढचं चाक जमिनीवरून सुटेल. आता हँडल दोन बोटांनी, अगदी दोनच बोटांनी, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळू फिरवा. बरोबर मध्यभागी, म्हणजे चाक सरळ होतं तिथे, एक बारीक खटका लागला, जणू हँडलला तिथेच बसायचंय, तर तुमचा कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग, गेलाय. आत बेअरिंगच्या वाटीवर खड्डे पडतात, गाडी सरळ चालताना बेअरिंग त्याच जागी मार खात असतं ना वर्षानुवर्षं, आणि मग हळू चालवताना हँडल त्या खड्ड्यातून बाहेर यायला कुरकुर करतं. नंतर चाकाच्या दोन्ही बाजूंचे फोर्क, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या नळ्या, खालून पकडून मागेपुढे हलवा, टकटक झाली तर ढिलाई पण आहे. सातारा ते बामणोली रस्त्यावर सहा वर्षं चाललेल्या कुठल्याही गाडीचं हे होणारच, कंपनी कुठलीही असू दे.

ब्रेकचं त्याहून सोपं. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं आठवतंय का? बहुतेकांना आठवत नाही. ते ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आपल्याकडच्या पावसात तर जास्तच, आणि मग लिव्हर स्पंजसारखं लागतं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. सोबत पॅड बघा, पुढच्या कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावायला सांगा. थरथरीमागे चेनसेट, इंजिन माउंटिंगचे ढिले बोल्ट, टायरची झीज, यातलं काहीही असू शकतं, बहुतेक वेळा थोडंथोडं सगळंच असतं. 411 चं इंजिन सिंगल सिलिंडर आणि लाँग स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या रुंदीपेक्षा त्याची धाव लांब, पिस्टन 78 मिलिमीटरचा आणि स्ट्रोक 86, त्यामुळे 100 च्या पुढे ते कंप पावणारच, तो त्याचा स्वभाव आहे, पण तुम्ही 90 लिहिलंय आणि वर 'खूप' लिहिलंय, तेवढं व्हायला नको. फोर्क ऑइल बदला, मागच्या सस्पेन्शनच्या लिंकेजमध्ये ग्रीस भरून घ्या, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करून घ्या. टायर धरून सगळं मिळून माझ्या अंदाजाने पंधरा-वीस हजारांत बसेल.

हे एवढं का सांगतोय, तर मित्राच्या दोन हजार किलोमीटर झालेल्या नव्याकोऱ्या 450 ची तुलना तुम्ही झिजलेल्या 411 शी करताय. ही तुलना 411 विरुद्ध 450 नाहीच आहे, ती नवं विरुद्ध थकलेलं अशी आहे. मी हेच केलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी माझी जुनी गाडी अशीच 'आता दम नाही राहिला' म्हणून मिळेल त्या किमतीला देऊन टाकली, आणि दोन महिन्यांनी ज्याला दिली तो पोरगा ती घेऊन भेटायला आला, कोनसेट, चेनसेट आणि क्लच प्लेट एवढंच टाकलं होतं त्याने. एक चक्कर मारा म्हणाला. मी कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो, चावी त्याच्या हातात दिली आणि मला खरंच बोलता येईना. ती माझीच गाडी होती, चार वर्षांपूर्वीची. म्हणून मला लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो, जुनी गाडी विकायची तर विका, पण तिला एकदा धडधाकट करून, तिच्यावर पंधरा दिवस फिरून, मग ठरवा.

आता चौथी तक्रार, घाटात दोघं असताना गाडी ओढत नाही. इथे 450 चा मुद्दा खरोखर दमदार आहे. तुमच्या गाडीचं इंजिन साधारण 24 बीएचपी देतं आणि 32 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, पाच गिअर. नोव्हेंबर 2023 मध्ये गोव्यात जी 450 आली तिच्यात 452 सीसीचं, पाण्याने थंड होणारं इंजिन आहे, 40 पीएस (पीएस म्हणजे जवळपास बीएचपीच), 40 न्यूटन मीटर, सहा गिअर. वजन मात्र 196 किलो, म्हणजे तुमच्या गाडीएवढंच जवळपास. वजन तेवढंच आणि ताकद दीडपटीहून जास्त, त्यामुळे मित्राच्या गाडीवर पसरणीत जे वाटलं ते मनाचे खेळ नव्हते.

आणि हिमालयात हा फरक आणखी बोलतो, तो कसा ते नीट समजून घ्या. जसजसं वर जाऊ तसतशी हवा पातळ होते, इंजिनाला मिळणारा ऑक्सिजन कमी होतो, आणि टर्बो नसलेलं कुठलंही इंजिन ढोबळमानाने दर हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास ताकद घालवतं. स्पितीच्या वाटेवरची कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे तुमची 24 ची गाडी 14 च्या आसपास येते आणि 450 ची 40 ताकद 23-24 वर येते. म्हणजे 450 कुंझुमवर तेवढी ओढते जेवढी तुमची 411 वाईत ओढते. फ्युएल इंजेक्शन आहे म्हणून गाडी काळा धूर काढणार नाही, बंद पडणार नाही, पेट्रोल हवेच्या हिशोबाने सोडलं जाईल, पण गेलेली हवा इंजेक्शन परत आणू शकत नाही.

मी आणि सौ. कुंझुम 411 वरच चढलो होतो. ग्राम्फूकडून बातल, बातलपासून वर, रस्ता म्हणजे गोटे आणि मधेच वाहणारं पाणी. सामान दोन्ही बाजूंना आणि वर एक पिशवी, नको तेवढं घेतलं होतं. शेवटच्या वळणांवर पहिल्या गिअरमध्येसुद्धा गाडी अशी घुमायला लागली की हाफ क्लचवर चढवावी लागत होती, क्लचचा जळका वास आला आणि सौ. स्वतःहून उतरली, म्हणाली तू वर घेऊन जा मी येते चालत. त्या उंचीवर दोनशे मीटर चालणं म्हणजे काय ते तिथे गेल्यावर कळतं, दहा पावलं टाकली की थांबायचं. वर पोहोचून मी तिची वाट बघत उभा होतो, ती वळणावर दिसली तेव्हा एका हाताने गुडघा धरला होता आणि दुसऱ्या हाताने मला 'ठीक आहे' म्हणून खूण करत होती. ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही. चूक गाडीची नव्हती, माझी होती, मी सामान जास्त घेतलं होतं आणि गाडीच्या मागचा स्प्रॉकेट झिजलेला तसाच नेला होता.

आता दुसरी बाजू. स्पिती दहा-बारा दिवसांची, उरलेले साडेतीनशे दिवस तुमची गाडी साताऱ्यात. तुम्ही ऑफिसला जाता, रविवारी ठोसेघर, चाळकेवाडी, कधी कोयनानगरला जाऊन कुंभार्ली उतरून चिपळूण. यातल्या कुठल्या रस्त्यावर 40 ची ताकद लागते? हायवेने पुण्याला जाताना ओव्हरटेकला 450 सोपी पडेल, ते मान्य, 110 ला ती निवांत असते जिथे तुमची 411 धापा टाकते. पण मोठे वेगाचे रस्ते तसेही आपल्यासाठी बंदच आहेत, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकी नाही, समृद्धीवर नाही, अटल सेतूवर नाही. बेंगळुरू हायवे तेवढा उरतो आणि त्यावर रात्री उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर भेटतो म्हणून मी तरी 90 च्या वर जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

शिवाय 450 घेताना काही हातचं सुटतं, ते शोरूममध्ये कुणी सांगत नाही. 411 खालच्या आरपीएमला खूप मऊ आहे, तिसऱ्या गिअरमध्ये तीसला टाकून दिली तरी दुडकत जाते, तिचा सगळा जोर चार-साडेचार हजाराच्या आतच असतो. 450 चा टॉर्क साडेपाच हजारला पुरा होतो, ताकद आठ हजारला, म्हणजे ती फिरवायला लागते, गिअर पाडून पिळायला लागते, तेव्हा ती हसते. काहींना हे आवडतं, काहींना सहा महिन्यांनी जुन्या गाडीची आठवण येते. दुसरं म्हणजे इंजिन. 411 ला एक कॅम, दोन व्हॉल्व्ह आणि हवा-ऑइलचं कूलिंग, स्पितीतल्या काझातसुद्धा कुणी ना कुणी मेकॅनिक तिला हात लावलेला सापडतो. 450 मध्ये दोन कॅम, चार व्हॉल्व्ह, रेडिएटर, राइड बाय वायर (केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल), ती चांगली गाडी आहे पण ती कंपनीच्या वर्कशॉपचीच गाडी आहे. 411 नवीन मिळायची बंद झाली असली तरी रस्त्यावर इतक्या गाड्या आहेत की पार्टची चिंता आत्ता तरी करू नका, तुमच्या गॅरेजवाल्याला विचारा, तोच सांगेल.

फ्रंट फोर्कबद्दल मात्र खोटं बोलणार नाही. 450 चा 43 मिलिमीटरचा अपसाइड डाउन फोर्क खरंच चांगला आहे, मागच्या शॉकअपचा ट्रॅव्हल, म्हणजे वरखाली व्हायची जागा, तीही 180 वरून 200 मिलिमीटर झालीय, खराब रस्त्यावर तासाभरात मनगटांना फरक कळतो. तुमच्या मित्राने तुम्हाला महाबळेश्वरला नेलं ना, त्याने तुम्हाला तापोळ्याच्या बाजूला उतरवलं असतं तर तुम्ही परतच आला नसता गाडी द्यायला.

पैशाकडे येऊ. शोरूमच्या कागदावर 3 लाख 80 हजार आहेत, तुमचे खरे किती जातात ते बघा. 95 हजार वजा केले, 2 लाख 85 उरले, अडीच लाख लोन आणि 35 हजार खिशातून. अडीच लाख, तीन वर्षं, साडेदहा टक्के धरले तर हप्ता साधारण 8,125 बसतो आणि व्याजापोटी साडेबेचाळीस हजार जातात. तुमचे 411 चे पॅनिअर (बाजूच्या सामानपेट्या), त्यांचे रॅक, क्रॅशगार्ड यातलं काही 450 ला बसत नाही, फ्रेमच वेगळी आहे, ते नव्याने घ्यायला पंचवीस-तीस हजार सहज लागतात. म्हणजे हा निर्णय साडेतीन लाखांच्या आसपासचा आहे. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकरकमी घ्यावा लागतो, 350 सीसीच्या वर तोच 15,117 रुपये अधिक जीएसटी, तो तुमच्या ऑनरोडमध्ये धरलाय का ते कोटेशनमध्ये बघून घ्या, आणि अ‍ॅक्सेसरीजची ओळ असेल तर ती खोडायला सांगा. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीवरच्या गाड्यांना 40 टक्के जीएसटी लागतो, म्हणूनही 2023 ला जी 2 लाख 69 हजारांपासून एक्स-शोरूम सुरू झाली होती ती आज तुम्हाला एवढी महाग दिसतेय.

आणि 95 हजार? धडधाकट करून थेट विकलीत तर जास्त येतील. शोरूमवाला कोनसेटचा खटका बघूनच ती किंमत लावतो.

वहिनींचं काय ते राहिलं. पत्रात तुम्ही त्यांचं वाक्य असं लिहिलंय जणू त्या आड येतायत, पण दादा, स्पितीला निम्मा प्रवास त्यांचा आहे, मागे बसून दिवसाला आठ तास. 450 च्या टेस्ट राइडला त्यांना घेऊन जा. दोन किलोमीटरची चक्कर नाही, शोरूमवाल्याला स्पष्ट सांगा दोघं बसून घाट चढायचाय, आणि त्याच दिवशी परत येऊन त्याच घाटात 411 वर, काम झालेल्या 411 वर. उतरल्यावर तुम्ही काही बोलू नका, त्यांना आधी बोलू द्या. सीट, पाय ठेवायची जागा, पाठीला आधार, हे त्यांनाच कळणार, आपल्याला पुढे बसून काही कळत नाही.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो, यंदा घेऊ नका. वीस हजार घाला, 411 उभी करा, आणि स्पिती तिच्यावरच करा. शिमला, किन्नौरकडून चढा म्हणजे उंची हळूहळू येते, शरीराला पण आणि मनाला पण, आणि कुंझुम शेवटी परतीच्या बाजूला येतो तोवर निम्मं सामान संपलेलं असतं. निघताना सामान वजनकाट्यावर ठेवा, दोघांचं मिळून वीस किलोच्या वर गेलं तर उघडा आणि काढा. चेनसेट नवा, क्लच प्लेट तपासलेली, क्लच केबल आणि अ‍ॅक्सिलरेटर केबल जास्तीची सोबत. पेट्रोलची काळजी नको, 15 लिटरची टाकी तीसच्या अ‍ॅव्हरेजने साडेचारशे किलोमीटर जाते आणि काझात पंप आहे. ज्या गाडीचा प्रत्येक आवाज तुम्हाला सहा वर्षं माहितीय ती गाडी पहिल्या हिमालयाला बरी, नवीन गाडीची नवीन कुरबुर तिथे शिकायला नको. परत आल्यावर दोघं बसा. 'पुन्हा जायचं, पुढच्या वर्षी लडाख' असं दोघांच्याही तोंडून निघालं तर 450 घ्या, तेव्हा ती तुमच्या कामाची गाडी असेल, आणि तोवर 411 ची किंमत उतरली तरी पाच-दहा हजारांनीच उतरेल.

फक्त एकाच बाबतीत मी माझं म्हणणं मागे घेईन. काम करून, पंधरा दिवस फिरूनही सकाळी चावी हातात घेताना तुम्हाला काही वाटलं नाही, आणि पैसे लोनचे नसून हातातले असतील, तर घ्या, पण मग फेब्रुवारीच्या आत घ्या, म्हणजे पहिली सर्व्हिसिंग होऊन दोन-तीन हजार किलोमीटर इथल्याच घाटात होतील आणि जे काय निघायचं ते इथेच निघेल.

प्रश्न : मी नाशिकची, शाळेत शिकवते, उंची 5 फूट 2 इंच. हिरोची एक्सपल्स 200 4व्ही आहे तीन वर्षांपासून, एकटीच फिरते, वणी, भंडारदरा, पाचनईपर्यंत. ग्रुपमध्ये सगळे हिमालयन 450 घे म्हणतात, हायवेला मी मागे पडते म्हणून. घेऊ का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, ग्रुपमधल्यांची गाडी पाचनईच्या रस्त्यावर पडली तर उचलायला ग्रुप असतो, तुम्ही एकट्या असता. एवढ्यावरूनच माझं उत्तर नाही असं आहे. पण नीट सांगतो.

तुमच्या गाडीचं वजन 159 किलो आहे, 450 चं 196. कागदावर 37 किलो, पण उतारावर उभी गाडी मागे ढकलायची असते किंवा चिखलात पाय टेकवायचा असतो तेव्हा ते सदतीस किलो थेट मांडीवर येतात. सीटची उंची म्हणाल तर दोन्हींची साधारण 825 मिलिमीटर, आणि 450 ला कमी उंचीची 805 ची सीटही मिळते, त्यामुळे शोरूममध्ये बसल्यावर 'अरे पाय टेकतात की' असं वाटेल. सपाट फरशीवर सगळ्यांचेच टेकतात. पाय टेकणं ही निम्मी गोष्ट झाली, टेकलेल्या पायाने किती वजन पेलता येतं ही उरलेली.

म्हणून माझी एकच परीक्षा आहे. कुणाची तरी 450 मागा, मालकाच्या परवानगीने ती गवतावर आडवी झोपवा आणि एकटीने उचला. ताकदीने नाही, पद्धतीने. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइडस्टँड उघडा, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडे कोसळणार नाही. गिअरमध्ये टाका म्हणजे घरंगळणार नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवून खाली बसा, एका हाताने खालचं हँडल, दुसऱ्या हाताने मागचं कॅरिअर धरा, पाठ ताठ, आणि मागे मागे लहान पावलं टाकत पायांनी उठा. पाठीने उचलायला गेलात तर तीच पाठ सहा महिने बोलेल. दोनदा उचलता आली तर गाडी तुमच्या आवाक्यात आहे, मग मी नाही म्हणणार नाही. पहिल्यांदा उचलली आणि दुसऱ्यांदा दम लागला, तर लक्षात घ्या पाचनईच्या रस्त्यावर दिवसात दोनदा पडणं काही विशेष नाही.

हायवेला मागे पडायचं दुखणं खरं आहे, 200 सीसीला 90 च्या पुढे जीव लागतो. त्यासाठी एक्सपल्स 210 चालवून बघा, साडेचोवीस पीएस, पाण्याचं कूलिंग, सहावा गिअर, आणि वजन तुमच्या गाडीपेक्षा दहाएक किलोच जास्त. ती 350 सीसीच्या आत असल्याने जीएसटीही 18 टक्केच, म्हणजे 450 च्या निम्म्याच्या आसपास किमतीत काम होतं. सीट 830 आहे, तेवढं तपासा. आणि ग्रुपला सांगा, कसारा घाटात सगळ्यांनी सगळ्यात हळू गाडीच्या मागे चालायचं असतं, ग्रुप राइडचा नियमच आहे तो. ज्या ग्रुपला हे जमत नाही त्यासाठी तीन लाख घालू नका.

प्रश्न : माझी 450 सुरुवातीच्या बॅचची आहे, ट्यूबवाले टायर. आता ट्यूबलेस स्पोक व्हील मिळतात, ते टाकून घेऊ का गाडीच बदलू? कणकवलीहून गोव्याला आठवड्यातून एकदा जाणं असतं.
(एक वाचक, कणकवली)

उत्तर : गाडी बदलायचा विचार सोडून द्या, इंजिन तेच आहे. व्हीलचा खर्च मात्र तुमच्या कामात वसूल होईल, कारण तुम्ही एकटे आणि नेमाने हायवेने जाता. ट्यूबलेसला खिळा शिरला तर हवा हळू उतरते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो, आणि दोडामार्गच्या बाजूला पावसात अंधार पडल्यावर चाक न खोलता दहा मिनिटांत पंक्चर काढून निघता येतं. ट्यूब फुटली की हवा एकदम जाते, त्यात ती पुढची असेल तर गाडी सांभाळणं अवघड होतं. अधिकृत व्हीलच घ्या, साध्या रिमला आतून टेप किंवा सीलंट लावून ट्यूबलेस करून देणारे आहेत, त्यांच्याकडे मी माझी गाडी देणार नाही, हायवेच्या वेगाला तर नाहीच.

पैसे जमेपर्यंत सीटखाली पुढच्या 21 इंची चाकाची एक ट्यूब ठेवा. अडचणीला ती मागच्या 17 च्या चाकातही दुमडून बसते, सावकाश चालवत पुढच्या गावापर्यंत पोहोचवते, तिथे गेल्यावर लगेच बदलून घ्या. सोबत दोन टायर लिव्हर, छोटा पंप आणि अ‍ॅक्सलला बसणारा पाना. तो पाना नटाला खरंच बसतो का ते घरी एकदा लावून बघा, माझा बसत नव्हता आणि ते मला आंबोलीत कळलं.